सुताचा उन्हाळा

मराठी घरांत विणकामाचे एक वेळापत्रक ठरून गेलेले आहे. दसरा झाला की सुया बाहेर निघतात, थंडीभर स्वेटर, कानटोपी, मफलर असे काही ना काही सुरू राहते आणि संक्रांत उलटली की उरलेली लोकर डांबराच्या गोळ्यांसह पेटीत जाते. पुण्या-नाशकाच्या हवेत हा क्रम चालून जातो. नंदुरबार जिल्ह्यात तो कसा टिकला याचे मात्र आश्चर्य वाटते. तापीकाठच्या या पट्ट्यात बोचरी थंडी जेमतेम दोन महिन्यांची असते, आणि उन्हाळा होळीच्या आगेमागे सुरू होतो तो मृगापर्यंत हटत नाही. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, कित्येक दिवस ४२ ओलांडतो. त्या चार महिन्यांसाठी हातच्या विणकामाने काय द्यावे, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. या प्रकरणात त्याचे जे उत्तर मांडले आहे ते असे : नंदुरबारसारख्या कोरड्या, कापूसउत्पादक प्रदेशात विणकामाचा खरा हंगाम उन्हाळाच आहे. मात्र त्यासाठी लोकर सोडून सूत घ्यावे लागेल आणि कपड्याच्या आधी पाण्याचा विचार करावा लागेल.

पहिला आक्षेप इतिहासाचा आहे. सुयांवरचे विणकाम ही थंड देशांची कला, आपण ती उसनी घेतली, तेव्हा ती थंडीतच शोभते, असे म्हटले जाते. पुरावा वेगळे सांगतो. दोन किंवा अधिक सुयांवर खऱ्या अर्थाने विणलेल्या ज्या सर्वांत जुन्या वस्तू आज संग्रहालयांत आहेत, त्या इजिप्तमधल्या आहेत : साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांमधले मोजे आणि त्यांचे तुकडे, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे. ते सुती आहेत, आणि त्यांतला निळा रंग निळीचा आहे. म्हणजे ही कला आपल्याला पहिल्यांदा नीट दिसते ती नाईलच्या काठी, उष्ण आणि कोरड्या हवेत, कापसाच्या धाग्यावर. याच काळात कैरोजवळच्या फुस्तातच्या बाजारात गुजरातचे ठशांनी छापलेले सुती कापड जात होते, त्याचे तुकडेही उत्खननात भरपूर सापडले आहेत. त्या मोज्यांचा कापूस आपल्याकडचा होता असा दावा करण्याची गरज नाही. एवढे कळले तरी पुरे की सुयांवर गुंफलेला धागा आणि उष्ण प्रदेश यांचे नाते युरोपातल्या स्वेटरपेक्षा जुने आहे. युरोपात ही कला मागाहून रुजली, तिथे मेंढ्या होत्या म्हणून ती लोकरीची झाली, आणि तिकडून मडमांच्या व मिशन शाळांच्या वाटेने आपल्याकडे आली तेव्हा लोकर सोबत घेऊन आली.

शिवाय वर्तमानातला पुरावा तर प्रत्येकाच्या अंगावर आहे. नंदुरबारच्या भर मे महिन्यात घरोघर पुरुष जे घालून बसतात तो बनियन विणलेलाच असतो. तो मागावर आडवे-उभे धागे घालून केलेला नसतो. एकच धागा वेटोळ्या-वेटोळ्यांनी गुंफून तो यंत्रावर तयार होतो, आणि त्या वेटोळ्यांची रचना अगदी सुलट टाक्यांच्या स्वेटरसारखी असते. टी-शर्टही तसाच. म्हणजे विणलेले कापड गरम होते ही समजूत मुळात लोकरीबद्दलची आहे, विणीबद्दलची नाही. विणीचे गुण वेगळे : ते कापड ताणले जाते, अंगाच्या वळणाप्रमाणे बसते, वेटोळ्यांमध्ये हवा किंवा पाणी धरून ठेवते. काय धरायचे हे तंतू ठरवतो, आणि किती धरायचे हे टाक्यांचा सैलपणा ठरवतो.

तंतूकडे जरा बारकाईने पाहायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. लोकरीचा केस नागमोडी असतो. त्या नागमोडींमध्ये हवा अडकते आणि अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. केसाच्या पृष्ठभागावर पाणी सहज पसरत नाही, जरी वाफेच्या रूपातली ओल तो आत भरपूर शोषून घेतो. कापसाचा तंतू म्हणजे बियेच्या सालीवर वाढलेली एकच लांबलचक पेशी. बोंड उकलल्यावर ती सुकते, चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ खाते. तिच्यात लोकरीची उसळी नसते, पण स्वच्छ झालेल्या कापसाला पाण्याची अनावर ओढ असते. ओला झाल्यावर तो दुबळा होत नाही, उलट अधिक बळकट होतो. व्हिस्कोससारखे कृत्रिम धागे इथेच मार खातात. ‘स्वच्छ झालेल्या’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. कोऱ्या कापसावर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो आणि तो असेपर्यंत पाणी थेंबाथेंबाने घरंगळते. म्हणून गिरणीतून आलेले कोरे सूत धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळून, खळखळून धुऊन मगच पाणी धरणाऱ्या वस्तूंसाठी घ्यावे. ही एक पायरी गाळली की पुढचे सगळे श्रम वाया जातात.

आता हवेकडे येऊ. उन्हाळा मुंबईचाही असतो आणि नंदुरबारचाही, पण दोन्हींची जात वेगळी. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ओले फडके हवेत धरल्यास ते जास्तीत जास्त साधारण २९ अंशांपर्यंत थंड होईल. नंदुरबारला ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना तेच फडके २४ अंशांच्या आसपास उतरू शकते. मुंबईत पाच अंशांचा दिलासा, इथे अठरा अंशांचा. कोरडी हवा पाणी झपाट्याने पिते, आणि पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता जवळच्या वस्तूतून ओढली जाते. पाण्याचा माठ, खिडकीला लावलेले वाळ्याचे पडदे, प्रवासात गाडीला लटकवलेली कॅनव्हासची छागल हे सगळे याच नियमावर चालत आले आहे. म्हणून खानदेशात उन्हाळ्यासाठी विणायची पहिली वस्तू कपडा नसावी. पाण्याच्या बाटलीचा सुती अभ्रा असावा, असे ठामपणे वाटते.

माठाला अभ्र्याची गरज नाही. त्याची माती सच्छिद्र असते, तो स्वतःच पाझरतो आणि स्वतःच थंड होतो. त्याच्यावर कोरडी क्रोशाची झूल चढवली तर शोभा येईल, पण वाऱ्याला अडथळा होईल. अभ्रा हवा तो स्टीलच्या, काचेच्या किंवा तांब्याच्या बाटलीला, जिच्या भिंतीतून पाणी पाझरू शकत नाही. सैनिकांच्या जुन्या पाणबाटल्यांना जाड नमद्याचे आवरण असे आणि ते भिजवून ठेवत, ते याच कारणाने. हिशेब साधा आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. एक लिटर पाणी १० अंशांनी थंड करायचे तर १० हजार कॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे सगळी उष्णता बाटलीतूनच ओढली गेली असे धरले तर १७ ग्रॅम पाणी, जेमतेम चार चहाचे चमचे, उडून जाणे पुरेसे आहे. प्रत्यक्षात काही उष्णता भोवतालच्या हवेतूनही घेतली जाते, त्यामुळे त्याच्या दोन-तीन पट पाणी लागेल. जाड सुताचा क्रोशाचा अभ्रा तेवढे पाणी सहज धरतो. तळाला मुक्या खांबांचा गोल, बाटलीच्या बुडापेक्षा किंचित लहान. बाजूंनाही मुके खांबच, घट्ट, एकही मोठे छिद्र न ठेवता. गळ्याशी आल्यावर साखळ्यांची जाळी आणि तिच्यातून ओवलेला लांब बंद. अभ्रा मुद्दाम आखूड मापाचा करायचा, कारण सूत भिजल्यावर सैलावते आणि बाटली व अभ्रा यांच्यामध्ये हवेचा थर राहिला तर थंडावा आत पोचत नाही. शिवलेल्या फडक्यापेक्षा इथे वीण सरस ठरते : गोल वस्तूवर ती चुण्यांशिवाय, शिवणीशिवाय ताठ बसते. बाटली सावलीत आणि वाऱ्यावर टांगली पाहिजे, हे सांगायला नको. अभ्रा दर तीन-चार दिवसांनी उकळत्या पाण्यातून काढावा, नाहीतर त्याला कुबट वास येतो.

पाणी धरण्याच्या याच गुणावर उभी राहणारी दुसरी वस्तू म्हणजे तोंड-मान पुसायचा चौकोनी रुमाल. दोन सुयांवर, सगळ्या ओळी सुलट, कडेपासून कडेपर्यंत. नवशिक्याला यापेक्षा सोपे काही नाही, आणि शहाण्या विणणाऱ्यालाही यापेक्षा उपयोगी थोडेच. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन्ही बाजूंना आडव्या वळ्या उठतात. त्या वळ्या घाम आणि पाणी दोन्ही धरतात. ओला करून पिळून मानेवर ठेवला तर अर्धा-पाऊण तास काम करतो.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो आणि त्याला बगल देता येणार नाही. उन्हाळी विणकामाच्या परदेशी पुस्तकांत हटकून जाळीदार ब्लाउज, भोकाभोकांचे अंगरखे, क्रोशाच्या झिरझिरीत ओढण्या असतात. कल्पना अशी की भोकांतून वारा येईल आणि अंग गार राहील. ज्या देशांत उन्हाळा २५-२८ अंशांचा असतो तिथे हे खरे आहे. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३४-३५ अंश असते. हवा त्याहून थंड असली तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४२ अंशांची असली तर तोच वारा उष्णता आणून देतो, आणि दिलासा फक्त घाम उडण्यातून मिळतो. शिवाय भोकांतून थेट ऊन अंगाला लागते. त्यामुळे दुपारी शेतात, रस्त्यावर, एसटीच्या थांब्यावर जाळीदार विणलेला कपडा घालणे चूक आहे. तिथे सैल, दाट, मागावरचे कापडच हवे. खानदेशातल्या शेतकऱ्याचा डोक्या-कानांवरून गुंडाळलेला पांढरा रुमाल आणि बाईचा डोक्यावरून ओढलेला पदर अनुभवाने सिद्ध झालेले आहेत. १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात बेदूइनांच्या काळ्या झग्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाळवंटातल्या भर दुपारी काळ्या आणि पांढऱ्या झग्यांत उभ्या केलेल्या माणसाच्या अंगाला पोचलेली उष्णता सारखीच निघाली. काळे कापड जास्त तापत होते, पण झगा ढगळ असल्याने ती जादा उष्णता कापड आणि अंग यांच्यामधल्या हवेबरोबर निघून जात होती. कपडा ढगळ असणे किती मोलाचे आहे, हे त्यातून दिसते.

मग विणलेल्या कपड्याला उन्हाळ्यात जागाच नाही का? आहे, पण वेळ बदलून. सकाळी नऊपर्यंत आणि सूर्य कलल्यावर, घरात पंख्याखाली, रात्री गच्चीवर किंवा अंगणात बाज टाकून झोपताना हवा त्वचेपेक्षा थंड असते, निदान तिच्या जवळ तरी असते. तेव्हा जाळी आपले काम चोख करते. जाळीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. १९३३ साली नॉर्वेच्या हेन्रिक ब्रून या सैन्याधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्यांपासून एक बनियन शिवला, तो थंडीसाठी. वर दुसरा कपडा घातला की जाळीच्या भोकांत हवा कोंडते आणि ऊब देते. वरचा कपडा काढला की तीच भोके मोकळी होतात आणि घाम सुकतो. म्हणजे जाळी स्वतः ना गरम ना थंड. तिच्यावर काय आहे आणि भोवती कसली हवा आहे त्यावर सगळे ठरते. यावरून उन्हाळी कपड्याचा एक नेम काढता येतो : एकच पदर, वर काही नाही, अंगाला न चिकटणारा.

खानदेशाला ही जाळीची बुद्धी नवीन नाही. आढ्याला टांगायचे शिंके, बैलाच्या तोंडाचे मुसके, गोफण, तापी-नर्मदेच्या पाण्यात टाकायचे जाळे, सुतळीने विणलेली बाज या सगळ्या वस्तू धागा गुंफून, हवेला वाट ठेवून केलेल्या आहेत. शिंक्यातले दूध-दही मांजरापासून वाचते आणि चहूबाजूंनी वाराही लागतो. बाजेवर झोपणाऱ्याच्या पाठीलाही वारा लागतो, गादीवर तो लागत नाही. उन्हाळी क्रोशाला प्रेरणा शोधायची तर युरोपातल्या लेसच्या नमुन्यांपेक्षा या वस्तूंपासून सुरुवात करावी. शिंक्याचाच आकार थोडा बदलला की बाजारची पिशवी होते : तळाला घट्ट गोल, वर पाच-पाच साखळ्यांच्या कमानी, काठाला पुन्हा घट्ट पट्टी. रिकामी असताना मुठीत मावते, भरली की दुपटीने ताणते. कैऱ्या, कांदे, पपया घरी आणताना आत घाम धरत नाही, आणि खुंटीला टांगून ठेवली तर फळे कुजण्याऐवजी पिकतात. प्लास्टिकच्या पिशवीत नेमके उलटे होते.

कपड्याच्या बाबतीत सुताचे दोष लपवून चालणार नाही. सूत जड असते. मोठ्या माणसाचे बिनबाह्यांचे जाकीट पाव किलोच्या पुढे सहज जाते आणि धुतल्यावर दुप्पट होते. उसळी नसल्याने ते खाली ओघळते. हट्टाने स्वेटरचा नमुना घेऊन तो सुतात विणला तर महिन्याभरात कमरेचा काठ मांडीपर्यंत येतो. लोकर ताणून परत जागेवर येते, सूत येत नाही, त्यामुळे तासन्‌तास विणताना मनगटही दुखते. यातल्या प्रत्येकावर उपाय आहे. नमुन्यात सांगितलेल्यापेक्षा एक नंबर बारीक सुई घ्यावी. पुढचा आणि मागचा भाग वेगळे विणून खांद्याला आणि कुशींना शिवण द्यावी, कारण वजन शिवण पेलते. खांद्याच्या शिवणीत एक फीत घालावी. कमरेला, मनगटाला सुलट-उलट टाक्यांची पट्टी चिकटून बसेल ही अपेक्षा सोडावी आणि काठ सरळ, मोकळा ठेवावा. ओघळ येणारच हे धरून लांबी दोन बोटे कमी करावी. आणि विणण्यापूर्वी वीतभर चौकोन विणून, धुऊन, उन्हात वाळवून मगच माप घ्यावे. लोकरीत हा चौकोन न करता निभावते, सुतात निभावत नाही.

बाळंतविड्याचा विषय इथे अटळ आहे, आणि त्यावर स्पष्ट लिहिले पाहिजे. आपल्याकडे बाळ पौषात जन्मो की वैशाखात, लोकरीचे टोपरे, झबले, मोजे यांचा संच तयारच असतो. नवजात बाळाला ऊब लागते हे खरे आहे, जन्मानंतरच्या पहिल्या तासांत टोपी घालण्याचा वैद्यकीय सल्लाही योग्य आहे. पण बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, म्हणून जशी तिथून उष्णता जाते तशी टोपरे घातले की अडतेही. चाळीस अंशांच्या खोलीत लोकरीच्या टोपऱ्यात गुंडाळलेले बाळ तापते, घामोळ्यांनी भरते, आणि तो ताप आजाराचा आहे की कपड्यांचा हे कळेनासे होते. उन्हाळ्यातल्या बाळासाठी विणायचेच असेल तर मऊ, पुष्कळदा धुतलेल्या सुताचे, बिनबंदाचे झबले विणावे आणि पायाच्या बोटांत अडकेल अशी जाळी टाळावी. सुटलेला धागा बाळाच्या बोटाला करकचून बसू शकतो. विणकाम मायेने केले जाते म्हणूनच त्याचे साहित्य हवामान पाहून निवडणे हे मायेचेच काम आहे.

जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात हे सगळे थोडे बदलते. सातपुड्यातले तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे. उंचीप्रमाणे तापमान किलोमीटरमागे साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे नंदुरबार शहराच्या मानाने तिथे सहाएक अंश तरी कमी असते. तिथल्या वैशाखातल्या पहाटेला सुती शाल पुरते.

आता वेळेचा प्रश्न. उन्हाळा म्हणजे सुट्टी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकी, झोके आणि मोकळा वेळ, असे चित्र रंगवणे सोपे आहे, आणि सपाटीवरच्या काही घरांत ते खरेही असते. पण सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हाच काळ बायकांच्या सर्वाधिक कष्टांचा : पहाटे मोहफुले वेचायची, मग तेंदूपाने, मग कैऱ्या सोलून आमचूर वाळवायचे, आणि या सगळ्यात पाणी लांबून आणायचे. कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जाऊन याच सुमारास परततात. तिथे ‘फावल्या वेळात विणा’ असे सांगणे अन्यायाचे होईल. उन्हाळ्याच्या बाजूने युक्तिवाद करायचा तो फुरसतीचा नको, दुपारचा हवा. बारा ते चार बाहेर काम करणे धोक्याचे असते, सावलीत बसावेच लागते. त्या वेळेत विणकाम करता येते ते त्याच्या काही गुणांमुळे : वीज लागत नाही, चूल लागत नाही, कधीही थांबवता येते. मात्र मांडीवर ढीग होणारे काम नको. लोकरीचे अर्धे झालेले स्वेटर मे महिन्यात मांडीवर घेणे ही शिक्षाच. तळहाताएवढे चौकोन, पट्ट्या, गोल असे सुटे विणावे आणि पावसाळ्यात जोडावे. त्या दृष्टीने सुयांपेक्षा क्रोशा बरा, कारण क्रोशाच्या सुईवर एकच टाका जिवंत असतो आणि काम हातातून सुटले तरी उसवत नाही.

रंगांच्या बाबतीत या जिल्ह्याकडे इतके आहे की नमुन्यांची पुस्तके मिटून ठेवावीत. फाल्गुनात पळस, मोहाची फिकट पिवळसर फुले, वैशाखात बहाव्याचे घोस, नंदुरबारजवळ पथाऱ्यांवर वाळणाऱ्या मिरचीचा लाल पट्टा, पावरा बायकांच्या गळ्यातले मणी, काठी गावच्या होळीतल्या नर्तकांचे मोरपिसांचे टोप. यांतले रंग घ्यावेत. व्रत पाळून धारण केलेल्या साजाची नक्कल मात्र पिशवीवर करू नये. सूत घरी रंगवण्याचा मोह होतो, पण वनस्पतींचे रंग लोकरीवर जसे सहज चढतात तसे सुतावर चढत नाहीत. त्याला आधी हिरड्याच्या किंवा बेहड्याच्या काढ्यात भिजवावे लागते, मग तुरटीत. तेव्हा रंग धरतो, आणि पळसाचा पिवळा तरीही उन्हात उडतो. ओल्या अभ्र्यासाठी आणि रुमालासाठी न रंगवलेले सूतच उत्तम.

शेवटचा आक्षेप पैशाचा. यंत्रावरचा बनियन आणि टॉवेल स्वस्त मिळत असताना हाताने कोण विणणार? बनियनाशी स्पर्धा करू नये, हे मान्य. पण बाटलीचा अभ्रा किंवा बाजारची जाळी यंत्रावर तितकी नेटकी होत नाही. क्रोशाचा खरा टाका घालणारे यंत्र आजही कारखान्यांत रूढ झालेले नाही. कच्चा माल तर दाराशी आहे. नंदुरबार आणि शहादा तालुक्यांत कापूस पिकतो, शहाद्याजवळ उंटावदला लोकनायक जयप्रकाश नारायण शेतकरी सहकारी सूतगिरणी आहे. अडचण मधल्या पायरीची आहे. गिरणीचे सूत मागांसाठी असते, बारीक आणि एकपदरी. तसेच विणले तर त्याच्या एकतर्फी पिळामुळे चौकोन तिरका होतो. ते अनेकपदरी करून उलट दिशेने पीळ द्यावा लागतो. २० नंबरचे सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या २० लड्या, किलोला साधारण ३४ किलोमीटर. त्याचे बारा पदर एकत्र केले तर १०० ग्रॅमला २८० मीटर असा, तीन मिलिमीटरच्या क्रोशाच्या सुईला जमणारा धागा तयार होतो. आखूड धाग्याच्या देशी कापसालाही इथे जागा आहे. मागावर ताण सोसावा लागतो म्हणून तो मागे पडला, हातसुताचे उभे धागे तुटतात म्हणून विणकर कुरकुरत असत. पण क्रोशात धाग्यावर तसा ताण येतच नाही, आणि शोषून घेण्यात तो इतका चांगला की दवाखान्याच्या कापसासाठी त्यालाच मागणी असते.

बचत गटांनी हे काम उचलावे असे सुचवताना आंध्रातल्या नरसापूरचे उदाहरण समोर ठेवले पाहिजे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शिकवलेली क्रोशाची लेस परदेशांत विकली जाऊ लागली आणि हजारो बायका ती करू लागल्या. मारिया मीस यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की या बायकांना कामगार न मानता रिकाम्या वेळी हात चालवणाऱ्या गृहिणी मानले गेले, म्हणून त्यांच्या वाट्याला नगण्य मजुरी आली आणि नफा व्यापाऱ्यांकडे गेला. दुपारच्या चार तासांना फुकटचा वेळ म्हटले की नंदुरबारलाही तेच होईल. म्हणून अभ्र्याची किंमत ठरवताना सुताच्या वजनाबरोबर तास लिहावेत. एका अभ्र्याला चार तास लागत असतील तर चार तासांची शेतमजुरी त्यात धरावी, आणि त्या किमतीला तो विकला जात नसेल तर तो बाजारासाठी विणू नये, घरासाठी विणावा.